नवीन मरीन टँकमध्ये शेवाळ माजलंय? बाटली उघडायच्या आधी ते कोणतं ते बघा

खाऱ्या पाण्याचा टँक नवीन लावला की पहिले पंधरा-वीस दिवस कसं मस्त चाललेलं असतं, पांढरी वाळू, कोरे दगड, निळा लाइट, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकूनही झालेले असतात, आणि मग एके दिवशी सकाळी वाळूवर चहा सांडल्यासारखा डाग दिसतो. चार दिवसांत तो काचेवर चढतो, आठवड्यात दगड तपकिरी होतात, आणि महिन्याभराने दगडांना हिरव्या दाढ्या फुटतात. माझ्या टँकची ही अवस्था बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे विहिरीच्या पायऱ्यांवर हे फुकट धरतं, तू एवढे पैसे घातलेस होय?" त्या मूळच्या देवगडच्या, म्हणजे शेवाळ आणि समुद्र दोन्ही बाबतीत मी गप्प बसलेलंच बरं.

माझा टँक ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, दगड-वाळू वजा करून आणि सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून साधारण १५० लिटर पाणी, त्यामुळे पुढे जे हिशोब दिलेत ते सगळे १५० लिटरचे आहेत, तुमचं माप वेगळं असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा. आणि हे आधीच सांगून टाकते की पहिल्या सहा महिन्यांत शेवाळ येणारच. ते पाहुण्यासारखं येऊन जातं की मुक्काम ठोकतं एवढंच आपल्या हातात असतं. माझ्याकडे मुक्काम ठोकला, आणि तो माझ्याच करणीने, कारण शेवाळ नक्की कोणतं हे न बघता मी मिळेल ती बाटली ओतत गेले.

येतं कशामुळे

नांगरून ठेवलेलं रान पेरलं नाही की तण माजतं, तसंच आहे हे. जुन्या टँकमध्ये दगडाचा इंच न् इंच कोणीतरी धरून बसलेलं असतं, बॅक्टेरिया, जांभळी कोरलाइन (दगडावर कवचासारखं चढणारं शेवाळ), स्पंज, बारीक किडे. नवीन ड्राय रॉक, म्हणजे कोरडा विकत मिळणारा दगड, हा सगळा मोकळा प्लॉट आणि वरून लाइट फुल्ल. त्यात ड्राय रॉक दिसायला कोरा असला तरी त्याच्या भोकांत जुनं मेलेलं काहीबाही अडकलेलं असतं, फॉस्फेट दगडालाच धरून बसलेलं असतं आणि ते आठवडेच्या आठवडे पाण्यात सुटत राहतं. ज्यांनी अजून दगड टँकमध्ये टाकलेले नाहीत त्यांनी एक काम करा, एका पिंपात खारं पाणी करून, आत पंप सोडून, झाकण लावून अंधारात दगड महिना-दीड महिना ठेवा, मधे दोन-तीनदा पाणी बदला, फॉस्फेट मोजा, आणि ते खाली आल्यावरच टँकमध्ये घ्या. मला हे नंतर कळलं. तुम्हाला आधी कळतंय तर फायदा घ्या.

सायकल चालू असताना, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होईपर्यंतचे जे ३ ते ६ आठवडे असतात ना, त्यात लाइट लावूच नका. त्या बॅक्टेरियांना लाइट लागत नाही, कोरल अजून आलेलं नाही, मग लाइट कोणासाठी? शेवाळासाठी. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर दहा मिनिटं लावा आणि बंद करा. मी तेव्हा रोज बारा-बारा तास लावून समोर बसायचे.

ओळख परेड

आता सगळ्यात महत्त्वाचं. चार-पाच प्रकार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला खत ठरू शकतं, म्हणून इथे घाई नको.

तपकिरी धूळ, बोटाने पुसली की लगेच उडून जाते, काचेवर पावडर बसल्यासारखी, वाळूवर पसरलेली, टँक लावून दोन ते सहा आठवडे झालेत: हे डायटम. यांचं कवच सिलिकाचं असतं, म्हणून पाण्यातलं आणि नवीन वाळूतलं सिलिकेट यांना लागतं, आणि ते संपत आलं की हे आपोआप जातात, बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत. यांच्यासाठी काहीही विकत घेऊ नका. काच पुसा, शंख सोडा, वाट बघा.

लालसर-मरून, कधी गडद हिरवी किंवा काळपट, अशी साय धरल्यासारखी चादर, पाइप लावून ओढली की अख्खा तुकडा निघून येतो, आणि दुपारी तिच्यावर बुडबुडे दिसतात: हा सायनो. हे खरं तर शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहे. जिथे पाण्याचा फ्लो पोचत नाही तिथे आधी येतो, दगडांच्या मागे, वाळूच्या कोपऱ्यात.

हिरवे केस, दगडाला मुळासकट धरलेले, ओढले तर तुटतात पण बुंधा तिथेच राहतो: हेअर अल्गी. त्याच्यातच जर पिसासारखी रचना दिसली, म्हणजे मधे एक दांडी आणि दोन्ही बाजूंना फर, तर ते ब्रायॉप्सिस, आणि ते फार चिवट, त्याच्यावर खाली वेगळं लिहिलंय. हिरवे काचेच्या मण्यांसारखे फुगे असतील तर बबल अल्गी, ते तिथल्या तिथे फोडू नका, दगड बाहेर काढता येत असेल तर बाहेर काढून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने अलगद उचकटा, येत नसेल तर पाइपचं तोंड शेजारी धरून उचकटा म्हणजे फुटलं तरी आतलं पाइपात जाईल.

आणि शेवटचे डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी जीव. तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे धागे, धाग्याच्या टोकाला बुडबुडा, सकाळी बरेच कमी दिसतात आणि दुपारपर्यंत परत सगळं माखलेलं. याला लोक डायटम समजतात (मीही समजले), आणि मग "आपोआप जाईल" म्हणून बसून राहतात. फरक ओळखायची घरगुती युक्ती अशी की थोडा तो चिकट गोळा टँकच्या पाण्यासकट एका छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा की तो पूर्ण फुटला पाहिजे, मग कॉफीच्या फिल्टर पेपरमधून किंवा टिश्यू दुमडून त्यातून ते पाणी दुसऱ्या काचेच्या ग्लासात गाळा. गाळलेलं पाणी स्वच्छ दिसेल. ते लाइटखाली अर्धा-एक तास ठेवा. त्यात परत धागे जमून आले तर डायनो. डायटम असे परत हात धरून गोळा होत नाहीत. मुलांचा शाळेचा मायक्रोस्कोप घरात असेल, ४०० पट दाखवणारा, तर अजून चांगलं, डायटम होडीसारखे किंवा सुईसारखे आणि जवळपास पडून राहिलेले दिसतात, डायनो मात्र पळत असतात. थेंबाच्या आकाराचे आणि एका टोकाला खिळल्यासारखे गोल गोल फिरणारे असले तर ऑस्ट्रिऑप्सिस, लंबगोल आणि सरपटल्यासारखे जाणारे असले तर बहुतेक अँफिडिनियम. हा फरक नुसता नावापुरता नाही, पुढे उपयोगी पडतो.

अजून एक खूण म्हणजे शंख. डायटमवर शंख मजेत चरतात, डायनोवर सोडले की सुस्त होतात, काचेवरून पडतात आणि मरतात.

पाणी: किचनमधला आरओ चालणार नाही

आपल्याकडे ही चूक घरोघरी होते. "आमच्याकडे आरओचंच पाणी आहे" असं सांगतात, आणि ते असतं किचनमधल्या प्युरिफायरचं. त्या मशीनमध्ये बऱ्याचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं, पाणी गोडसर लागावं म्हणून ते मुद्दाम थोडे क्षार परत मिसळतं. पिण्यासाठी ठीक आहे, टँकसाठी नाही. टीडीएस मीटर फार महाग येत नाही, तो घ्या आणि मोजा, माझ्या किचनच्या नळीतून ५० च्या आसपास यायचं. टँकला शून्य पाहिजे. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या मण्यांचा) डबा लागतो, त्या पाण्याला आरओडीआय म्हणतात, रंग बदलणारं रेझिन घेतलं तर कधी संपलं ते दिसतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. सिलिकेट आरओमधून पूर्ण अडत नाही, ते डीआय रेझिन पकडतं, पण रेझिन संपायला आलं की सगळ्यात आधी सिलिकेटच सुटतं, आणि टीडीएस मीटरला ते नीट दिसत नाही. म्हणजे मीटर शून्य दाखवतोय आणि डायटम जायचं नाव घेत नाहीत अशी परिस्थिती आली तर रेझिन बदलून बघा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा सेडिमेंट फिल्टर भराभर चोंदतो, तो वेळेवर बदलला नाही तर पुढचा मेंब्रेनही लवकर जातो, आणि आपण मात्र मार्चमध्येच तर सगळं बदललंय म्हणून निवांत असतो.

चौपाटीवरून पाणी किंवा वाळू आणण्याचा विचारही करू नका. मुंबईच्या किनाऱ्याला काय काय येऊन मिळतं ते वेगळं सांगायला नको, आणि पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी येऊन खारटपणाही उतरलेला असतो. चांगलं सॉल्ट आणा, ३५ पीपीटी म्हणजे १.०२६ च्या आसपास धरा, आणि बाष्पीभवनाने जेवढं पाणी कमी होतं तेवढं फक्त साधं आरओडीआय पाणी भरा, खारं नाही.

टेस्ट किटचा शून्य खोटा असतो

दगडभर हिरवे केस आणि टेस्ट किट म्हणतं नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मग आपण म्हणतो किट खराब आहे. किट बरोबर आहे, पाण्यात खरंच काही नाही, कारण जे सुटतं ते शेवाळ त्याच क्षणी खाऊन टाकतं. म्हणजे किट पाण्यातलं सांगतं, टँकमध्ये एकूण किती येतंय ते सांगत नाही. डब्यात लाडू नाहीत म्हणजे घरात लाडू झालेच नाहीत असं नसतं ना.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, ह्या पट्ट्यात राहिलं की पुरे. फॉस्फेटला रंग जुळवायचे किट फार फसवतात, इतक्या कमी आकड्यात फिकट निळा आणि अजून फिकट निळा यातला फरक ट्यूबलाइटखाली कोणाला कळतोय, त्यामुळे जमलं तर डिजिटल घ्या. हॅना कंपनीचा अल्ट्रा लो रेंज फॉस्फरसवाला चेकर असेल तर तो फॉस्फरस दाखवतो आणि तेही पीपीबीत, त्याला ३.०६६ ने गुणायचं म्हणजे फॉस्फेट येतं. स्क्रीनवर १० आलं तर फॉस्फेट झालं साधारण ३१ पीपीबी, म्हणजे ०.०३ पीपीएम. हा गुणाकार न करता घाबरणारे आणि निर्धास्त राहणारे दोन्ही प्रकारचे लोक मी बघितलेत.

आणि आकडा कशाने वाढतो? खाण्याने. दोन क्लाउनफिश असतात आणि आपण बारशाचं जेवण घालतो. फ्रोजन क्यूब थेट टाकू नका, चहाच्या गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याखाली विरघळवून धुवा, ते पाणी बेसिनमध्ये जाऊ द्या. पेलेट मोजून टाका, मिनिटाभरात संपतील एवढेच.

हाताचं काम, याला पर्याय नाही

हेअर अल्गीवर सगळ्यात जास्त कशाचा उपयोग झाला असं विचाराल तर जुना टूथब्रश. एअर पंपाच्या नळीपेक्षा थोडा जाड पाइप घ्या, टूथब्रशचं डोकं पाइपच्या तोंडाशी रबरबँडने बांधा, पाइपचं दुसरं टोक बादलीत सोडा, म्हणजे घासलं की सुटलेलं शेवाळ तिथल्या तिथे ओढलं जातं आणि टँकभर उडत नाही. उडालेला प्रत्येक तुकडा दुसऱ्या दगडावर जाऊन रुजतो, म्हणून नुसतं घासत सुटू नका. बादलीच्या तोंडावर जुना मोजा नाहीतर फिल्टर सॉक बांधा, गाळलेलं पाणी परत टँकमध्ये घेता येतं, दर वेळी नवीन मीठ कालवायला नको. आधी हाताने मोठे झुपके उपटा, मग ब्रश, मग रविवारी १० टक्के म्हणजे १५ लिटर पाणी बदला. उपटणं-घासणं आठवड्यातून दोनदा, दीड-दोन महिने. कंटाळवाणं आहे, माहितीये.

दगड बाहेर काढता येत असेल तर बादलीतल्या खाऱ्या पाण्यात घासा आणि उरलेल्या बुंध्यांवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवा. मेडिकलमध्ये बऱ्याचदा ६ टक्केवाली बाटली मिळते, लेबल वाचा, तशी असेल तर तेवढंच आरओडीआय पाणी मिसळून अर्धी करा. दोन-तीन दिवसांत तिथलं शेवाळ पांढरं पडतं. दगडावर कोरल असेल तर त्याच्यापासून लांब लावा, आणि क्लीनर श्रिम्प वगैरेंना पेरॉक्साइड सोसत नाही म्हणून धुतल्याशिवाय दगड आत टाकू नका.

दगड उकळू मात्र कधीही नका. कोणीतरी सांगतं, मोठ्या पातेल्यात घालून उकळा की सगळं मरतं. त्या दगडावर झोअँथिड जातीचं कोरल असेल तर त्यातलं पॅलिटॉक्सिन नावाचं विष वाफेतून घरभर पसरतं आणि घरातली माणसं हॉस्पिटलात पोचतात, असं खरोखर झालेलं आहे. घासतानाही ग्लोव्हज आणि चष्मा घाला, हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी नकोच.

मी डायनो कसे ओढवून घेतले

हेअर अल्गी आल्यावर मी घाबरले. एका दुकानात सांगितलं, फॉस्फेट रिमूव्हर टाका, शून्य करा, उपाशी मरेल. मी तो तांबूस खड्यांचा आयर्नवाला मीडिया पूर्ण डोस टाकला, माशांचं खाणं एक दिवसाआड केलं, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) जास्त ओला, म्हणजे पातळ फेस काढेल असा, चालवला, आठवड्याला दोन वॉटर चेंज. तीन आठवड्यांत केस खरंच विरळ झाले आणि मी खूश. चौथ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी शेंबूड. मला वाटलं डायटम परत आले, म्हणून अजून वॉटर चेंज. नऊ टर्बो शंखांतले सहा गेले, त्यातला एक मेलेला दगडामागे राहिला आणि अमोनिया वाढला, आणि मग कुठे मी तो फिल्टर पेपरवाला प्रयोग केला.

होतं काय की नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्याला गेले की साधं शेवाळ आणि चांगले बॅक्टेरिया दोघंही उपाशी पडतात, जागा परत मोकळी होते, आणि डायनो मात्र बॅक्टेरिया खाऊनही जगू शकतात, त्यांचं फावतं. म्हणजे मी गवत काढून काँग्रेस गवत लावलं.

बाहेर कशी आले ते सांगते, उलट्या क्रमाने सगळं करायचं. फॉस्फेट मीडिया काढून टाकला. वॉटर चेंज बंद. माशांना दिवसातून दोनदा पोटभर. नायट्रेट तरीही वर येईना म्हणून प्लांटेड टँकवाले वापरतात ते पोटॅशियम नायट्रेट, १५० लिटरला ५ पीपीएम वाढवायला साधारण सव्वा ग्रॅम लागतं, ते एकदम न टाकता चार दिवसांत विभागून, आरओडीआय पाण्यात विरघळवून. माझे डायनो ऑस्ट्रिऑप्सिस होते, ते रात्री वाळू-दगड सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही (पाणी अतिनील दिव्यासमोरून नेणारं यंत्र) चालतो, यूव्हीचा पंप सम्पमध्ये न ठेवता थेट टँकमध्येच ठेवला म्हणजे तरंगणारं सगळं त्यातून जाईल. सुरुवातीला तीन दिवस टँकला गोधडी गुंडाळून पूर्ण अंधार केला. अँफिडिनियम असते तर यूव्हीचा खर्च पाण्यात गेला असता, कारण ते रात्रीही वाळूतच बसतात, तिथे लोक उलट सिलिकेट घालून मुद्दाम डायटम वाढवतात, म्हणजे डायटम त्यांची जागा खातात. ऐकायला वेडेपणा वाटतो पण चालतं.

शिवाय ओळखीच्या एकाच्या चार वर्षं जुन्या टँकमधून मूठभर वाळू आणि एक लहान दगड आणला, त्याबरोबर येणारे किडे-बॅक्टेरिया बाटलीत विकत मिळत नाहीत. तो दगड देणाऱ्याच्या टँकमध्ये बबल अल्गी नाही ना हे मात्र आधी टॉर्च मारून बघून घ्या. एकूण सात आठवडे लागले. काचेवर साधी हिरवी फिल्म परत आली त्या दिवशी मी नवऱ्याला हाक मारून दाखवली, तो म्हणाला हेच काढण्यासाठी तू चार महिने धडपडत होतीस ना.

औषधं, आणि ती कधी

सायनो फ्लो वाढवून, पाइपने ओढून, वाळू वरवर हलवून गेला नाही तरच केमिक्लीन हे औषध. डोस पाकिटावरचाच, एक चमचा जास्त नाही. ते टाकल्यावर स्किमर वेड्यासारखा फेस करतो, आणि मरणारा सायनो ऑक्सिजन खातो, म्हणून एअर स्टोन आधी चालू करा आणि मग औषध टाका. दोन दिवसांनी २० टक्के पाणी बदला.

ब्रायॉप्सिसला फ्लुकोनॅझोल, हो, तेच माणसांचं फंगसचं औषध. साधारण ५ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १५० लिटरला ७५० मिलिग्रॅम, १५० च्या पाच गोळ्या, पूड करून पाण्यात कालवून. फिल्टरमधला कार्बन काढायचा, यूव्ही बंद, स्किमरचा कप काढून ठेवायचा, आणि दोन-तीन आठवडे धीर धरायचा, पहिला आठवडा काहीच झाल्यासारखं दिसत नाही. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, त्यामुळे केमिस्टशी वाद घालू नका. आणि साध्या हेअर अल्गीला पहिल्याच महिन्यात हे वापरण्यात काही अर्थ नाही, टूथब्रश आहे ना. फॉस्फेट मीडिया वापरायचाच झाला तर अर्ध्या डोसने सुरू करा, आधी धुवून घ्या, दर तिसऱ्या दिवशी मोजा, ०.०५ च्या खाली जाऊ लागलं की काढा. व्होडका-व्हिनेगर डोसिंग (बॅक्टेरियांना खाऊ म्हणून घालतात ते) नवीन टँकमध्ये नको.

यातलं कुठलंही औषध किंवा अंधाराचा उपाय एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर जरा थांबा. पाणी तापलेलं असलं की त्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात शेवाळ मरायला लागलं की उरलेला संपतो, आणि नेमकी त्याच रात्री लाइट जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप सेलसकट तयार ठेवा. टँक २६ डिग्रीच्या आसपास असायला हवा, चिलर नसेल तर पाण्यावर फॅन लावा, बाष्पीभवन वाढतं पण दोन-तीन डिग्री उतरतात.

चरायला कोण ठेवायचं

व्हिडिओ बघून कोणी सांगेल वाळू साफ करायला सी कुकंबर ठेव. आपल्याकडे समुद्रकाकडी, समुद्रघोडे, जायंट क्लॅम, दगडी प्रवाळ हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या यादीत आहेत, टर्बो आणि ट्रोकस या शंखांमधल्या काही मोठ्या जातीसुद्धा. त्यामुळे दुकानात जे दिसतंय ते विकायला परवानगी आहेच असं धरून चालू नका, माल कुठून आला ते विचारा आणि बिल घ्या, बिल द्यायला कां-कूं केलं तर सरळ बाहेर पडा.

छोटे शंख काच आणि दगडांसाठी उत्तम, १५० लिटरला सात-आठने सुरुवात करा, पंधरा-वीस नको, शेवाळ संपल्यावर ते उपाशी मरतात. ट्रोकस उलटा पडला तर स्वतः सुलटा होतो, ॲस्ट्रिया शंखाला ते जमत नाही, त्याला रोज कोणीतरी उचलून सरळ करावं लागतं, आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे. लांब केस शंख खात नाहीत, ते आधी ब्रशने कमी करायचे, मग शंख उरलेला बुंधा चरतात. लॉनमोअर ब्लेनी मजेशीर मासा आहे पण शेवाळ संपल्यावर पेलेट खाईलच याची खात्री नाही, दुकानात त्याला खाताना बघून मगच घ्या. टँग जातीचे मासे शेवाळ खातात म्हणून तीन फुटी टँकमध्ये टँग आणू नका, त्याला पोहायला जागा लागते. किनाऱ्यावरच्या खडकांवरचे शंख आणलेत तर ते ओहोटीला उघडं राहायची सवय असलेले असतात, सकाळी टँकबाहेर फरशीवर सापडतील.

लाइटचं थोडक्यात: दिवसाला ८ तास, पांढरा चॅनेल कमी, निळा जास्त, टायमरवर. खिडकीतून सकाळचं ऊन टँकवर येत असेल तर पडदा लावा. सम्पमध्ये जागा असेल तर कीटो नावाचं तारांच्या गोळ्यासारखं शेवाळ ठेवून त्याला रात्री लाइट द्या, मुख्य टँकचा लाइट बंद असताना. जे खाऊन दगडावर केस वाढले असते ते खाऊन सम्पमध्ये कीटो वाढतं, आणि महिन्याला मूठभर उपटून टाकलं की तेवढं नायट्रेट-फॉस्फेट घराबाहेर गेलं. फक्त नायट्रेट-फॉस्फेट आधीच शून्याच्या जवळ असतील तर हे लावू नका, वर लिहिलेलं माझं रामायण परत वाचा.

चार-सहा महिन्यांनी पंपावर किंवा मागच्या काचेवर जांभळे-गुलाबी टिपके दिसतील, खरवडले तरी निघत नाहीत असे, ती कोरलाइन, तिला राहू द्या. समोरच्या काचेवरची तेवढी काढा.

गणपतीला गावी जाणार असाल तर आठ दिवस आधी नवीन काही सुरू करू नका, ना औषध, ना मीडिया. शेजारच्या काकूंकडे किल्ली देताना खाण्याचा डबा देऊ नका. मी पहिल्या वर्षी दिला, त्यांनी मायेने सकाळ-संध्याकाळ मूठ-मूठ घातलं, "मासे बिचारे बघत होते माझ्याकडे" म्हणाल्या, आणि परत आले तर फॉस्फेट ०.४. आता मी गोळ्यांचा आठवड्याचा तो कप्प्याकप्प्यांचा डबा असतो ना, त्यात वारानुसार पेलेट मोजून भरते, एक दिवसाआडचे कप्पे मुद्दाम रिकामे ठेवते, आणि मोठा डबा कपाटात कुलपात. काकूंना सांगून ठेवते की रिकाम्या वारी माशांचा उपास आहे. उपास म्हटलं की त्या काही विचारत नाहीत.